पंचांग बघून नाताळ

यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे ही बातमी राजेगावात सगळ्यांत आधी आमच्या घरी पोहोचली, आणि आम्ही ख्रिस्ती. नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की शेजारीपाजारी एकादश्या आणि लग्नाचे मुहूर्त बघतात. आमची ही आधी दिवाळी बघते, मग तुळशीचं लग्न, मग मार्गशीर्षातले गुरुवार मोजते, धनुर्मास कधी लागतो त्यावर पेन्सिलीने गोल करते आणि हे सगळं झाल्यावर सहज म्हणून 25 डिसेंबरला कोणता वार आहे ते वाचते. नाताळाची तारीख बघायची गरजच काय? तो रोममध्ये चौथ्या शतकात एकदा पंचवीसला बसला, तो अजून जागचा हललेला नाही. हलते ती दिवाळी. आणि आमच्या नाताळाचा सगळा हिशेब त्या हलण्यावर उभा आहे.

मागच्या वर्षी, 2025 मध्ये, दिवाळी लवकर आली. ती 20 ऑक्टोबरला की 21ला यावर पंचांगांचं एकमत होईना, म्हणून आमच्या गावात काहींनी आदल्या दिवशी फटाके उडवले, काहींनी दुसऱ्या दिवशी. पण दोन्ही पक्ष एकदाचे थंड झाल्यावरही नाताळाला दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात सरकली आणि मधे उरले 47 दिवस. घरात अर्थसंकल्पावर बोलणं सुरू झालं. कारण दिवाळी संपल्याशिवाय नाताळ स्वस्त होत नाही.

सांगतो. आमच्या घरावर लागतो तो तारा भाऊबीजेनंतर विकत घेतलेला आकाशकंदील असतो. भाऊबीजेपर्यंत गोंदियाच्या बाजारात कंदिलांचा भाव दुकानदार सांगेल तो. भाऊबीज उलटली की तोच दुकानदार तेच कंदील वर्षभर सांभाळायचे कुठे या चिंतेत असतो. कागदाला वाळवी लागते, प्लास्टिकवर धूळ बसते, आणि चांदणीच्या आकाराचा कंदील तर घडी करून ठेवताच येत नाही. त्याच वेळी मी दुकानात शिरतो. वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे हा. विजेच्या माळा, झुंबरं, सोनेरी झिरमिळ्या, सगळं अर्ध्या भावात. फक्त 'शुभ दीपावली' असं छापलेलं घ्यायचं नाही एवढं पथ्य. तेही एकदा मोडलं होतं; 'दीपावली'वर कापूस चिकटवून तिथे बर्फ पडल्यासारखं केलं आणि 'शुभ' तेवढं ठेवलं. शुभ सगळ्यांनाच चालतं.

पण दुकानदारही गोंदियाचा आहे. धानाच्या गिरण्यांच्या गावात भाव न कळणारा माणूस टिकत नाही. पहिली काही वर्षं तो नुसता विचारायचा, "मास्तर, दिवाळी तर झाली ना जी?"

"झाली. म्हणूनच आलो."

"मग आता काहून पाहिजे कंदील?"

मी खरं कारण सांगितलं. ते सांगायला नको होतं असं ही म्हणते, मला पटत नाही. सणाबद्दल खोटं बोलून त्याच सणाची खरेदी कशी करायची? तेव्हापासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात चांदण्या एका बाजूला काढून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यावर 'नाताळ स्पेशल' अशी चिठ्ठी असते. बाकीचे कंदील अर्ध्या भावात, चांदण्या पूर्ण भावात. "तुमच्यासाठीच ठेवून देल्ल्या मास्तर." यावर तोडगा म्हणून आता मी शेजारच्या काकांना पाठवतो. ते टिळा लावून जातात आणि 'अर्धवट राहिलेल्या सजावटीसाठी' चांदणी आणतात. टोकदार ताऱ्याच्या कंदिलाचा जन्म म्हणे जर्मनीतल्या मोराव्हियन पंथाच्या एका शाळेत, 1830च्या दशकात, मुलांना भूमिती शिकवताना झाला. आमच्याकडे त्याच ताऱ्यावर व्यवहारी अपूर्णांक शिकवता येतील.

राजेगाव कुठे आहे हे इथे सांगायला हवं, कारण बालाघाट जिल्हा म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला कान्हाचा वाघ आठवतो आणि तो पुढचं ऐकत नाही. आम्ही मध्य प्रदेशात आहोत, पण जेमतेम. बाघ नदीवरचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, गोंदिया जिल्हा. 1 नोव्हेंबर 1956पर्यंत दोन्ही तीर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मग राजधानी भोपाळला गेली, पण बाजार काही तिच्यामागे गेला नाही. आम्हाला सरकारी कागद हिंदीत येतो, किराण्याची यादी मराठीत जाते आणि दुकानात घासाघीस ज्या भाषेत स्वस्त पडेल त्या भाषेत होते. डिसेंबरात धानाची सरकारी खरेदी चालू असते, तेव्हा या तीरावरचं पोतं त्या तीरावर जाऊ नये म्हणून पुलावर नजर असते. त्यामुळे पोत्यात भरून आणलेल्या चांदण्यांना मोठा मान मिळतो. पोतं उघडलं जातं, आत हात घातला जातो, टोक बोटाला टोचतं आणि 'जाओ' म्हणतात.

खरेदीचं एवढं आधी ठरतं, पण माणसांचं ठरत नाही. आमच्याकडे नाताळाला चारी दिशांनी माणसं येतात. आत्या अहमदनगरची, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी ती 'नगर'च म्हणते. मेहुणा वसईचा. धाकट्या भावाची बायको मडगावची. तिघांचे नाताळ तीन प्रकारचे, आणि तिघांचीही खात्री की खरा नाताळ आपल्याकडचा, राजेगावचा म्हणजे सोय म्हणून चालवून घेतलेला.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024च्या आधी ही मुदत 120 दिवसांची होती, म्हणजे आत्याला नाताळाला यायचं की नाही हे ऐन पावसाळ्यात ठरवावं लागे. आता 22 डिसेंबरच्या गाडीचं तिकीट 23 ऑक्टोबरला मिळतं. सवलत वाटते खरी, पण मराठी माणसाला साठ दिवस आधी 'येतो' असं स्पष्ट म्हणता येत नाही. तो 'बघू' म्हणतो. 'जमवतो' म्हणतो. फार आग्रह केला तर 'तुम्ही धरून चाला, पण धरू नका' असं म्हणतो. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर 23 ऑक्टोबरच्या सकाळी सगळे एकमेकांना सुप्रभात म्हणतात आणि तिकीट कोणीच काढत नाही. दुपारी कोणीतरी 'वेटिंग 40' असं टाकतं. मग मात्र सगळ्यांना यायचंच असतं.

मेहुण्याला निदान विदर्भ एक्स्प्रेस आहे. मुंबईत बसा, गोंदियाला उतरा. आत्या येते महाराष्ट्र एक्स्प्रेसने. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि पुणे, दौंड, नगर, मनमाड अशी करत, राज्यात कोणाला भेटायचं राहून तर गेलं नाही ना याची खात्री करत, एक अख्खा दिवस उलटून गेल्यावर गोंदियाला टेकते. आत्या उतरली की आधी फलाटावर उभी राहून पूर्वेकडे बघते. मी सामान उचलायला वाकतो आणि ती दरवर्षीचं वाक्य म्हणते, "अरे, इथूनच गेले ते." ते म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एका गोऱ्या मिशनऱ्याने बायबल दिलं आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूर–राजनांदगावची वाट गोंदियावरूनच जाते, त्यामुळे आत्याच्या मते या स्टेशनवर पाटी हवी. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तिच्या पिशवीत कायम असते आणि आमच्या घरातल्या कुठल्याही गैरव्यवस्थेला तिच्याकडे त्या पुस्तकातला दाखला तयार असतो. टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे हे वाचल्यापासून ती आमच्या उधळपट्टीला फार बोलत नाही, हा मोठा फायदा.

आता केक. इंग्लंडात म्हणे आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने पुडिंगचं मिश्रण एकेकदा ढवळायचं अशी रीत आहे. यंदा तो रविवार 22 नोव्हेंबरला येतो, ऐन तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत. शेजारी मंगलाष्टकं आणि आमच्याकडे बरणी. कारण सुका मेवा भिजत घालायचा असतो, आणि तो कशात भिजवायचा यावर आमच्या कुटुंबात जेवढी फाटाफूट आहे तेवढी धर्मसुधारणेच्या काळात युरोपात नसेल.

मडगावची भावजय सरळ म्हणते, "रम, भावजी. दुसरा विषय नाही." तिच्या माहेरी मेवा इतका आधी भिजत पडतो की कधी घातला ते घरात कोणालाच आठवत नसतं. पण आम्ही मिशनच्या मास्तरांचं घराणं. आजोबांनी दारूबंदीवर प्रवचनं दिली होती आणि ती ज्या फळ्यावरून दिली तो फळा अजून आमच्या पडवीत आहे. त्यामुळे आत्याचा पक्ष संत्र्याच्या रसाचा. नागपुरी संत्री नोव्हेंबरात बाजारात असतातच, भौगोलिक मानांकन असलेलं फळ, त्याच्या रसात बेदाणे भिजवायला लाज कसली? लाज नाही, अडचण आहे. रमला महिन्याचं काही वाटत नाही. संत्र्याचा रस शीतकपाटाबाहेर चार दिवस राहिला तर तो आपण होऊन रमच्या दिशेने चालू लागतो. म्हणजे आत्याच्या पद्धतीने वेळेआधी तयारी केली तर भावजयीच्या पद्धतीचा केक होतो. हा विनोद मी एकदा जेवताना केला. पुन्हा केला नाही.

तिसरा पक्ष शेजारच्या काकांचा. त्यांचा आमच्या केकशी संबंध फक्त खाण्यापुरता, पण मत आहे. "रम कायले पाहिजे मास्तर? आपल्या जंगलात काय कमी आहे?" रोख मोहाकडे. बालाघाट म्हणजे मोहाचा मुलूख. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, ती वेचून अंगणात वाळवतात, आणि त्यांचं पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. आता तर मध्य प्रदेश सरकारनेच मोहाच्या दारूला 'हेरिटेज मद्य' म्हणून मान दिलाय, त्यामुळे काका हल्ली ताठ मानेने बोलतात. वर त्यांच्या बाजूने इतिहासही आहे. केरळातल्या थलश्शेरीत 1883 साली मम्बली बापू यांनी एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळाचा केक केला. त्याने फ्रेंच ब्रँडी आणायला सांगितली होती, तर बापूंनी काजूबोंडाची गावठी वापरली आणि साहेब खूश झाला, अशी गोष्ट तिथे सांगतात. ती काकांना मीच सांगितली. तेव्हापासून ते मला बापू म्हणतात.

शेवटी तोडगा हिने काढला. वाळलेली मोहफुलं स्वच्छ धुऊन, निवडून, संत्र्याच्या रसात एक रात्र भिजवायची आणि बेदाण्यांत मिसळायची. दारू नाही, फक्त दारूचा कच्चा माल. रंग तपकिरी, चव गोड, वास असा की काका दारातच थबकतात. आत्याने पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "मनुका मात्र फार छान मिळाल्या हो तुम्हाला." आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख नगरपर्यंत जाणार नाही अशी आशा आहे.

म्हणजे हिशेब केला तर आमच्या नाताळाची पहिली खरेदी चैत्रात होते. यात वसईवाल्यांची स्पर्धा आहेच. हिच्या माहेरच्या गोतावळ्यात ईस्ट इंडियन घरं आहेत; तिथे एप्रिल-मेच्या उन्हात बॉटल मसाला कुटतात. वीसहून जास्त जिन्नस भाजून, कुटून, बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बॉटल मसाला. पूर्वी बिअरच्या रिकाम्या बाटल्या वापरत, गडद काचेत रंग टिकतो म्हणून. मेहुण्याने पहिल्यांदा अशी बाटली आणली तेव्हा ती बाहेरच्या पिशवीत डोकावत होती आणि गोंदियाहून राजेगावला येणाऱ्या बसमध्ये निम्मे प्रवासी आमच्याकडे आदराने बघत होते. झाकण उघडून हुंगायला दिल्यावर तो आदर शिंकांत संपला.

हा मसाला ज्यासाठी येतो ते सोरपोतेल. डुकराच्या मांसाचा, व्हिनेगर घातलेला हा पदार्थ केल्या दिवशी खायचा नसतो. दोन-तीन दिवस मुरला की खरा लागतो. म्हणजे तो 22 किंवा 23ला शिजायला हवा. इथे पुन्हा कालनिर्णय. यंदा 24 डिसेंबर हा मार्गशीर्षातला गुरुवार. पलीकडच्या काकूंचं महालक्ष्मीचं व्रत, संध्याकाळी हळदीकुंकू, आणि आमची स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या देवघरासमोर. 23ला दत्तजयंती. 22ला मंगळवार, काका मारुतीचे. 21ला सोमवार, वरच्या आळीतले सगळे शंकराचे. काकूंनी कधी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. उलट, "करा हो, तुमचा सण आहे," असंच म्हणतात. पण त्या हे खिडकी बंद करता करता म्हणतात, आणि शेजाऱ्याने आपली खिडकी बंद करून घेणं हे भांडणापेक्षा वाईट. म्हणून सोरपोतेल यंदा रविवारी, 20ला, उपासनेहून परतल्यावर शिजणार. पाच दिवस मुरेल. मेहुणा म्हणतो, पाच दिवसांनी तर ते अप्रतिम लागतं. वसईत शेजारीही ख्रिस्ती असल्यामुळे त्यांना पंचांगाअभावी ही चव मिळत नाही.

महालक्ष्मीच्या गुरुवारांचा एक फायदाही आहे, तो कबूल करायला हवा. मार्गशीर्षात आमच्या भागात बरीच घरं सामिष सोडतात किंवा कमी करतात. एरवी रविवारी ज्याच्यापुढे रांगेत उभं राहावं लागतं तो खाटीक डिसेंबरात स्वतःहून नमस्कार करतो आणि मागाल ते तुकडे देतो. हाडं कमी, कलेजी फुकट. पण सगळ्यांत मोठा लाभ खरमासाचा. सूर्य धनू राशीत गेला, म्हणजे साधारण 16 डिसेंबर उजाडला, की आमच्या बाजूला लग्नं बंद, ती थेट संक्रांतीपर्यंत. तुळशीच्या लग्नापासून ज्यांचा फोन लागत नव्हता ते मंडपवाले, आचारी, बँडवाले एकाएकी पारावर बसलेले दिसतात. तेव्हा त्यांना गाठायचं. लग्नाला जो मंडप मागाल त्या भावात मिळत नाही, तो नाताळाला निम्म्या भावात मिळतो, वर गाद्या, खुर्च्या आणि एक पिण्याच्या पाण्याची टाकी. नदीपलीकडे या बाबतीत जरा सैल कारभार, तिकडे मुहूर्त काढणारे काढतात. म्हणून मंडप कायम अलीकडचा ठरवावा आणि कंदील पलीकडचे. हे सूत्र मला सापडायला बरीच वर्षं लागली, ते मी फुकट देतोय.

बँडचं तेवढं जपून. चोवीसच्या रात्री गावातून नाताळगीतांची फेरी निघते. टिळकांची भजनं, पेटी, झांजा आणि दोनचार टॉर्च, एवढंच पूर्वी असायचं. एका वर्षी बँड स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. त्यांना सगळी गाणी वरातीची येत. संथ काहीतरी वाजवा म्हटल्यावर म्होरक्याने बराच विचार केला आणि जे एकच संथ गाणं येत होतं ते सुरू केलं. ते नवरी सासरी जाताना वाजतं. येशूजन्माची फेरी आमच्या आळीतून निघाली तेव्हा दारोदारी बायका पदराने डोळे पुसत होत्या. काकू तर हिच्या गळ्यात पडल्या. आजही पुष्कळांना वाटतं की ख्रिस्ती लोकांत चोवीस डिसेंबरला मुलीची पाठवणी करतात.

गोठ्याला मात्र एक पैसा लागत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा खरा बैल आणि खरं गाढव उभं करून येशूजन्माचा देखावा केला. बाकी जगात गेली आठशे वर्षं त्याचं चिनी मातीत आणि प्लास्टिकात रूपांतर होत आलं. आम्ही ग्रेच्चोच्या जवळ आहोत. डिसेंबरात धानाचं तणस गावभर पडलेलं असतं, बांबू वाटेल तेवढा, हिरवळीसाठी नवरात्रातल्या घटासारखे गहू परातीत पेरले की झालं. वासरू काका देतात. अट एकच, त्याला रात्री परत न्यायचं, कारण त्याची आई हंबरून आळी उठवते. एकदा वासराने परातीतला सगळा गहू खाल्ला आणि मग मेंढपाळांपैकी एकाचा पुठ्ठ्याचा हात. बाळ येशूला त्याने फक्त हुंगलं. आत्या म्हणाली, जनावराला कळतं.

झाड हा विषय थोडक्यात आटोपतो, कारण इथे साल आणि सागाच्या जंगलाशेजारी राहून गोंदियाहून प्लास्टिकचं सूचिपर्णी झाड आणणं मला पटत नाही, आणि आम्ही ते दरवर्षी माळ्यावरून काढतो. मुलांपुढे तत्त्व चालत नाही. सांताक्लॉजची दाढी मात्र देशी आहे. डिसेंबरात गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची सुगी असते. त्याच्याकडून मूठभर कापूस आणायचा, गव्हाच्या खळीने चिकटवायचा. सांता होतो माझा धाकटा भाऊ. तो इतका सडपातळ आहे की पोटाला उशी बांधली तर उशी पुढे चालते आणि भाऊ मागून येतो. भेटवस्तू मुलांच्या हाती द्यायच्या आधी तो प्रत्येकाला सातचा पाढा म्हणायला लावतो. मास्तरांचं घराणं, काय करणार.

आता फराळ, आणि इथे मला गंभीर व्हायचं आहे. आमच्याकडे नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू होतात. भावजय नेवऱ्या आणि दोदोल करते, कुलकुल वळायला सगळ्यांना बसवते. अनारशाला नि दोदोलला तांदूळ घरचा चिन्नोर. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुण्यांना केकपेक्षा त्याचंच अप्रूप. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत पाच किलो जातो आणि आमच्या कोठीत त्या मापाचा खड्डा पडतो. पण गंभीर बाब तांदळाची नाही, डब्यांची आहे.

दिवाळीत आळीतल्या प्रत्येक घरातून आमच्याकडे फराळाचा डबा येतो. डबा रिकामा परत करायचा नाही हे आमच्यात नाही असं समजू नका. आम्ही ते कोणाहूनही कडक पाळतो. पण दिवाळीत आमच्याकडे भरायला काही नसतं, म्हणून ते डबे नाताळापर्यंत फळीवर राहतात. कोणाचा कुठला याची यादी ही करून ठेवते. 25ला दुपारी ते सगळे करंज्या-केक भरून परत जातात. गेल्या दिवाळीत अकरा डबे आले होते, नाताळात आम्ही बारा पाठवले, कारण एका घरी डबा नव्हता म्हणून आमचाच स्टीलचा गोल डबा दिला. तळाला आमच्या आईचं नाव आणि 1974 हे साल कोरलेलं आहे. या दिवाळीला तो फराळ भरून येईल या भरवशावर आम्ही वर्षभर थांबलो.

तो ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून भाऊबीजेच्या आत पाठवावा. चिवडा घातला तरी चालेल, नाही घातला तरी चालेल, रिकामाही घेऊ.